कुस्ती खेळायची नसते, धरायची असते

पिंपरीत आमचा कारखाना नवाच निघाला होता आणि साहेबांना कबड्डीचा संघ हवा होता. मावळातल्या गावांतून चांगले गडी निवडून कामावर घेतले. नोकरी हंगामी, दोन मोसम नीट खेळला तर कायम. मी टाइम ऑफिसात कारकून, तोही हंगामीच, आणि क्रीडामंडळाचा चिटणीस. खेळाडूंना करार समजावून सह्या घेणं माझ्याकडे होतं. करार इंग्रजीत, एक पानी. पंचांशी हुज्जत घालायची नाही, मैदानावर तंबाखू खायची नाही, आणि लेखी परवानगीवाचून बाहेर कुठलाही खेळ खेळायचा नाही.

आमचा सगळ्यात चपळ चढाईवाला सहीआधी थांबला. "भाऊसाहेब, चैतात आमच्या गावची जत्रा आसती. मानाची कुस्ती आमच्या घराकडं हाय. चालंल न्हवं?"

"बाहेर खेळायचं नाही, असं कागदात आहे."

"कुस्ती काय खेळायची आसती व्हय? खेळत्यात हुतूतू. कुस्ती देवापुढं धरायची."

टेबलाभोवतीचे हसले. मीही हसलो. "मग धर की. कोण विचारतंय?" कुस्तीही त्या कलमात येते, हे मला कळत होतं. पण अजून आठ जणांच्या सह्या राहिल्या होत्या.

जत्रेत त्याचा खांदा दुखावला आणि पुढच्याच आठवड्यातला सामना आम्ही हरलो. साहेबांनी चौकशी लावली. त्याच्यासमोर मला विचारलं, "याला करार समजावला होता?"

"शब्द न् शब्द, साहेब," मी म्हणालो. त्याच महिन्यात माझे कायमचे कागद सहीला जायचे होते.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "व्हय साहेब, सांगितलं व्हतं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

त्याला संघातून काढलं, त्याबरोबर नोकरीही गेली. मंडळाच्या वहीत त्याच्या नावापुढे 'शिस्तभंग' असं मीच लिहिलं.

पुढच्या मोसमाआधी मी करार मराठीत करायची परवानगी मागितली. खरं कारण सांगितलं नाही. कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून एकेक कलम वाचलं. "बैलगाडीच्या शर्यतीत गाडी हाकली तर?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "तुझी बैलं बघता त्याला शर्यत म्हनत न्हाईत." तासभर वाद घालून जत्रेतली कुस्ती आणि शर्यत, दोन्ही आधी कळवण्याच्या अटीवर मोकळ्या करून घेतल्या. त्यानंतर कराराच्या गैरसमजापायी कुणाची नोकरी गेली नाही. तो मात्र तोवर चिंचवडात लेथवर लागला होता. रस्त्यात लांबून दिसला की मी सायकल दुसऱ्या गल्लीत घालायचो.

गेल्या महिन्यात मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर, जुना चिटणीस म्हणून, तपासायला माझ्याकडे आला. 'शिस्तभंगामुळे वगळलेले' या मथळ्याखाली एकच नाव होतं. कागद घेऊन मी त्याच्या गावी गेलो. त्याला आता कमी ऐकू येतं. त्यामुळे माझं खोटं मला ओरडून सांगावं लागलं. चहा आणलेल्या सूनबाई दारातच थांबल्या.

"मला ठाऊक व्हतं की," तो म्हणाला. "तुमचं नुकतंच लगीन झाल्यालं. म्हनलं, दोघं बुडण्यापरीस एक बुडू दे. मला शेत तरी व्हतं."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"तुमी आला कुठं?"

मी खिशातून दुरुस्ती काढून वाचली. 'करार चुकीचा समजावला गेल्यानं या खेळाडूवर अन्याय झाला.'

"समजावला गेल्यानं म्हंजी? कुणी समजावला?"

सूनबाईंनी पेन आणून दिलं. मी ते वाक्य खोडलं आणि लिहिलं, 'चिटणीस या नात्यानं मी करार चुकीचा समजावला आणि चौकशीत खोटं बोललो. या खेळाडूनं कोणताही शिस्तभंग केला नव्हता.' मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आता बरुबर. आन् त्याच्याखाली लिवा, कुस्ती मारली व्हती. खांदा गेला तरी मारली. तेवढं कुणीच लिवलं न्हाई."

तेही लिहिलं. आत्ताचे चिटणीस पोरसवदा आहेत. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि मथळा काढून टाकतो म्हणाले. त्याचा त्या वेळचा एखादा फोटो मिळेल का, असं विचारत होते. सूनबाई ट्रंकेत शोधताहेत.