तारखेची जागा

कासारवाडीच्या आमच्या घरी मी शिकवण्या घेते. आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि प्रिंटर हॉलमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला. मध्ये एकच भिंत, पण लॅपटॉपला प्रिंटर काही सापडेना. म्हणून शेजाऱ्यांनी सुचवलेल्या एका मुलाला बोलावलं. तो महाळुंग्याला कंपनीत प्रेस मशीनवर होता आणि सुट्टीच्या दिवशी अशी कामं करायचा. नाव मी विचारलंच नाही.

कीबोर्डला हात लावायच्या आधी त्याने रुमालाने एकेक बोट पुसलं. हॉलमधल्या कॉम्प्युटरची फायरवॉल वाट अडवत होती, ती त्याने मोकळी केली. मग पेन ड्राइव्हमधून लॅपटॉपवर स्वतःची एक फाइल घेतली, छापायला पाठवली आणि प्रिंटरपाशी जाऊन उभा राहिला, स्टँडवर एसटीची वाट बघावी तसा.

रजेचा अर्ज बाहेर आला. गावी आईकडे जायला चार दिवस हवे होते. तारखेची जागा कोरी होती.

"दर वेळी ह्योच छापतो," तो म्हणाला. "जोडाक्षरं नीट आली की समजायचं, काम झालं."

"आणि तारीख?"

"तारीख टाकली की जीव तिकडंच लागतो, ताई. मग मशीनवर हात चुकतो."

ती फाइल माझ्याकडेच राहून गेली. परवा नवी शाई भरल्यावर मी तीच छापून पाहिली. अर्ज स्वच्छ आला. तारखेच्या कोऱ्या जागेवर मी पेन टेकवलं आणि तशीच बसून राहिले. मला तर कुणाकडे रजा मागायची नसते. तरी माहेरी जाऊन सहा वर्षं झाली.