शिवडीच्या वांग्यांची मुळं

नमुने खराब केले ते मीच. एका शुक्रवारी प्रयोगशाळेतून घाईत निघाले, नळ्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या राहिल्या आणि सोमवारी त्यांतला डीएनए वाचण्याच्या लायकीचा उरला नव्हता. म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी पहाटेच पुण्याहून दादरची बस पकडली. मांडीवर बर्फाचा डबा. गाडीभर लोक झोपले होते, मी मात्र दर अर्ध्या तासाने झाकण उघडून बर्फ बघत होते.

मी सूत्रकृमींवर काम करते. झाडाच्या मुळांत शिरून गाठी करणारे हे किडे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी अभ्यासते त्या जातीत मादीला पिल्लांसाठी नर लागत नाही, त्यामुळे लेकी जवळजवळ आईची नक्कल असतात. त्यांच्यातला बारीक फरक शोधायचा तर अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, वाचावा लागतो. मला विचारायचं होतं ते साधंच: मुंबईच्या गॅलरीतल्या कुंड्यांत हे येतात कुठून? गावाहून आणलेल्या मातीतून, की बाजारातल्या रोपांबरोबर? जानेवारीत तीन घरांतून मुळं नेली होती. आता तीच झाडं पुन्हा हवी होती.

दादरला उतरल्यावर थालीपीठ आणि पियुष घ्या, दुपारपर्यंत भूक लागत नाही. मी अर्धंच खाल्लं आणि टॅक्सीने ठाकूरद्वार गाठलं. सकाळी लवकर गेलात तर रस्ता मोकळा मिळतो.

खानोलकर काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या गॅलरीत टोमॅटोची कुंडी होती. आता तिथे रिकामी जागा.

"तुम्ही सांगितलंत तस्संच केलं," ते खुशीत म्हणाले. "झाड मुळासकट पिशवीत बांधून टाकलं. मातीला पंधरा दिवस ऊन दाखवलं."

सांगितलं होतं खरंच. जानेवारीत निघताना तिन्ही घरी सांगितलं होतं. मी "छान केलंत" म्हणाले, कोकम सरबत प्यायले आणि जिना उतरताना उरलेली दोन घरं मोजली.

लालबागला बसने गेले. स्टॉपवर उतरल्याबरोबर भाजलेल्या मिरचीचा खकाणा नाकात जातो. मसाला घ्यायचा असेल तर याच गल्लीत घ्या. दुसऱ्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "ते सगळे गावाला गेलेत. कुंड्या वाळल्या बघा." वाळलेल्या मुळांचा मला उपयोग नव्हता. उरलं शिवडी.

शिवडीला लोक फ्लेमिंगो बघायला येतात. भरती-ओहोटीची वेळ बघून या. मी खाडीकडे न वळता गोदामांमागच्या चाळीत शिरले. वनिताताई तांबे दारातच तांदूळ निवडत होत्या. त्यांची वांग्याची झाडं रंगाच्या जुन्या डब्यांत उभी होती, आणि त्यांना वांगी लगडलेली होती.

"काय गो, परत आलीस?" त्या म्हणाल्या. मग जरा ओशाळून, "नाही टाकली. फळ देणारं झाड उपटायला हात होईना."

मला इतकं हायसं वाटलं की मी ताबडतोब खाली बसले. एक झाड सोडवलं, गाठाळलेली मुळं कापली, पिशव्या भरल्या, बर्फात ठेवल्या. तेव्हा कुठे मान वर केली. गॅलरीभर, प्रत्येक दारापुढे तसेच डबे होते.

"ही रोपं कुठली?"

"माझीच. राजापूरची माती आणि दादरची रोपं. सगळ्यांना वाटली."

मी त्यांना सगळं सांगितलं: आधीचे नमुने कसे खराब झाले, आणि हे किडे मातीबरोबर एका डब्यातून दुसऱ्यात कसे जातात.

"म्हणजे माझ्यामुळे पसरलं?"

"हो," मी म्हणाले. "मातीतून."

त्यांनी तांदळाचं सूप आत ठेवलं आणि पदर खोचला. आम्ही दारोदार गेलो. प्रत्येक ठिकाणी त्यांनीच सांगितलं, चूक माझी म्हणून. एका बाईंनी दार लावून घेतलं; बाकीच्यांनी डबे पुढे केले. संध्याकाळपर्यंत आम्ही मुळं उपटत होतो. परतीची बस गेली. बर्फ दोनदा कोपऱ्यावरच्या लस्सीवाल्याकडून घेतला.

या वेळी वाचन नीट झालं. वनिताताईंच्या एकाच डब्यात दोन वेगळे वंश निघाले: एक आमच्या संग्रहातल्या राजापूरकडच्या नमुन्यांशी जुळणारा, दुसरा दादरला विकत घेतलेल्या रोपांवरच्यांशी. गाव आणि बाजार, दोन्हीकडून आलेले. माझा प्रश्न सुटला. तरी झोप लागेना, कारण त्या दिवशी मी आधी पिशव्या भरल्या आणि मग तोंड उघडलं. मागच्या आठवड्यात फोन करून निकाल सांगितला, आणि हेही.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आधी सांगितलं असतंस तर मी मुळं दिली नसती, असं वाटलं तुला?"

"हो."

"दिली असती," वनिताताई म्हणाल्या. मग विचारलं, आता त्या डब्यांत काय लावू. मी झेंडू सांगितला; त्याच्या मुळांपाशी हे किडे टिकत नाहीत. त्यांनी चाळीतल्या बायकांची नावं मोजली आणि किती बी लागेल ते मला लिहून घ्यायला लावलं.