भोंगेवाल्या वसंतभाऊंची टेप

काल ट्रंकेतल्या जुन्या टेपचा आंबूस वास आला आणि मी नांदुऱ्याच्या सरकीच्या गोदामात पोचलो. तेव्हा महाराष्ट्र नवा होता, आमचा रॉक बँडही. तिथं होणारं आमच्या गाण्याचं रेकॉर्डिंग कोणाच्या हाती द्यायचं, यावरून आमच्यात भांडण पेटलं होतं. गाण्याचे मास्तर म्हणाले, "हळू वाजवा." लग्नांत भोंगे लावणारे वसंतभाऊ म्हणाले, "आवाज कमी करा, असं म्या जिंदगीत कोनाले म्हटलं नाही." झालं, वसंतभाऊ ठरले!

गाणं ऐन रंगात आलं आणि त्यांनी सवयीनं माईक ओढला, "वऱ्हाडी मंडळीनं जेवाले बसावं, वांग्याची भाजी गरम हाये!"

आम्ही भडकलो.

"काऊन बे?" वसंतभाऊ म्हणाले, "लोकं काय उपाशी गानं ऐकतीन?"

काल टेप लावली. आमचं गाणं मलाच ओळखू येईना. वसंतभाऊंची हाक आली आणि मी मुकाट्यानं पानावर जाऊन बसलो.