डॉक्टर निजसुरेंची कबुली

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पोलीस ज्यांच्याकडे तपासणीला आणत, ते जयपूरचे डॉक्टर निजसुरे स्वतःच शहरातल्या सोडाला भागात त्याच गुन्ह्यात सापडले. बनी पार्कमधल्या ऑफिसात त्यांची वकील सावनी म्हणाली, “काका, पोलिसांच्या दारू तपासायच्या श्वासयंत्राची वार्षिक तपासणी राहिलीय. त्या मुद्द्यावर सुटाल. नाहीतर दंड, कदाचित कैद, लायसन्सही जाईल.”

“माझ्या अहवालांवर कितीजणांना शिक्षा झाली, सावनी. मी प्यायलो होतो.”

“मग वकील कशाला केलात?”

“सोबतीला. एकट्याला भीती वाटते गं.”

कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला, लायसन्स निलंबित झालं. बाहेर आल्यावर त्यांनी सवयीने खिशातली किल्ली चाचपली आणि ते बसस्टॉपकडे चालू लागले. एवढा मोठा माणूस सावनीने आरोपीच्या पिंजऱ्यात कधी पाहिला नव्हता. ती पायरीवरच थांबून राहिली.