देवाजीभाऊंचं गाणं

जे लिहायला बसले आहे, ते आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही. हॉस्टेलपासूनच्या एकुलत्या एका मैत्रिणीलाही नाही. एक-दोनदा अगदी ओठांपर्यंत आलं होतं — मी विषय बदलला. विषय बदलायला मला छान जमतं. कमी बोलणाऱ्या माणसावर कुणी संशय घेत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का कधी?

आधी माझं काम सांगते. डोक्याला मार लागून किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन ज्यांचं बोलणं जातं, त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं. स्पीच थेरपिस्ट. तेव्हा चंद्रपुरात हा शब्द सांगितला की लोक विचारायचे, "म्हणजे तोतऱ्या पोरायची म्याडम?" मी मान हलवायचे. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि हे काम मी निवडलं कशाला? कुणी विचारलं तर मी सेवा वगैरे सांगते. खरं कारण वेगळं आहे. मी कोळसाखाणीच्या कॉलनीत वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की लहानपणापासून माझे तळहात ओले होतात. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानासुद्धा व्हायचे. मला वाटलं, ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांबरोबर दिवस काढणं बरं. ती आपल्याला हसणार नाहीत.

शिकून परत आले आणि एका लहान धर्मादाय दवाखान्यात लागले. व्हरांड्याच्या टोकाला प्लायवूड ठोकून मला खोली करून दिली होती. प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं. आतलं सगळं बाहेर जायचं, आणि बाहेर बाकावर बसलेल्यांना — ड्रेसिंगवाले, इंजेक्शनवाले, त्यांच्याबरोबर आलेले — ऐकण्याखेरीज दुसरं काम नसायचं.

तिथे देवाजीभाऊ आले. नागभीडकडच्या एका खेड्यातले धानाचे शेतकरी, चाळिशीचे. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं होतात. देवाजीभाऊ गावच्या मंडळीत गायचे. नाटकाआधीचं नमन त्यांचंच. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायचा म्हणे. नाटकाचं सामान घेऊन परतताना नाल्याच्या उतारावर ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली आणि त्यांचं डोकं फुटलं. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला — हव.

हव म्हणजे आमच्याकडे हो. भूक लागली, हव. राग आला, हव. नाव काय? हव. समजत त्यांना सगळं होतं. चुकीचं बोलतोय हेही समजायचं. मग ते डाव्या हाताने मांडीवर मारायचे. घरी एक लहान मुलगी होती, मंदा. तिला ते काहीतरी सांगू बघायचे आणि "हव! हव!" असं ओरडणंच निघायचं. ती घाबरून घरामागे पळायची. बापाजवळ येईनाशीच झाली होती.

हे मला त्यांच्या बायकोने सांगितलं. शेवंताबाई. दर आठवड्याला नवऱ्याला पॅसेंजरने घेऊन यायच्या, आणि खोलीत शिरल्यापासून त्यांचं तोंड चालू.

"बाई, याईले निस्तं पोरीचं नाव घेता आलं तरी झालं. बाकीचं बोलाले मी हावोच न. तसंबी घरात मलेच बोला लागते!"

यावर देवाजीभाऊ हसायचे. मलाही हसू यायचं. पुष्कळ दिवस आम्ही चित्रांची कार्डं घेऊन बसलो — कंगवा, गाय, पेला. त्यांच्या कपाळाला घाम यायचा. हव, हव, हव. काही हलत नव्हतं.

मग एकदा शेवंताबाई खुर्चीच्या टोकाला बसून म्हणाल्या, "बाई, हसान नाई न? काल दिवा लावतानी याईनं आख्खं नमन म्हटलं. शब्दायसकट. मी तं भेलीच!"

मला लगेच कळलं. कॉलेजात हे शिकवलं होतं. बोलणं गेलेल्या कित्येकांचं गाणं शाबूत असतं, आणि त्या गाण्याच्या वाटेने बोलणं हळूहळू परत आणता येतं. रोज लागणारं एखादं वाक्य चालीवर बसवायचं. पेशंटसमोर बसायचं, त्याचा डावा हात धरून ताल द्यायचा, आणि गायचं. आधी आपण. मग दोघांनी. मग त्याने एकट्याने. चाल पुढे कधीतरी सोडवायची.

आधी आपण. मोकळ्या आवाजात. — दिसतंय ना तुम्हाला, मी कुठे येऊन अडले ते?

पहिल्या दिवशी मी गायले. पाणी दे. दोन सूर, एक वरचा, एक खालचा. हातावर ताल — दोन ठोके, आणि मग एक लांब. माझा आवाज कसाबसा निघाला. देवाजीभाऊंनी माझ्या ओठांकडे बघितलं, हात हातात दिला, आणि दुसऱ्या खेपेला त्यांचा तो नाटकातला आवाज त्या प्लायवूडच्या खोलीत सुटला. टेबलावरची कार्डं घसरली असं मला वाटलं, खरं तर माझा हात लागला असेल. मग मी थांबले आणि ते एकटेच गायले. पाणी दे.

शेवंताबाईंनी बाटली पुढे केली. ते प्यायले. पुन्हा गायले. त्यांनी पुन्हा दिली. सदरा भिजला तरी दोघं थांबेनात. शेवंताबाई रडत होत्या आणि हसत होत्या.

बाहेर बाकावर हशा पिकला. वॉर्डात काम करणाऱ्या गिरजाबाईंनी दारातून डोकं आत घातलं. "म्याडम, यंदा नाटक कंपनी काढून राह्यल्या का? मलेबी एखादा पार्ट ठेवा जी!"

"हव तं!" शेवंताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "येजा पाहाले. तिकीट नाई!"

देवाजीभाऊही खदखदून हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. माणसं खूश झाली होती, एवढंच. मला तेव्हाही ते समजत होतं. तरी माझे तळहात ओले झाले, आणि उरलेला वेळ मी कार्डं जुळवत बसले.

पुढच्या आठवड्यात बाकावर जागा नव्हती. ज्यांचं काम उरकलं होतं तेही थांबले होते. आम्ही 'मंदा ये' घेतलं. शेवंताबाईंनीच सुचवलेलं. मी कुजबुजल्यासारखी गात होते, आणि ते हाताने खूण करत होते — मोठ्याने, मोठ्याने. व्हरांड्यातून आमचे मोठे डॉक्टर जात होते. ते गमतीने ओरडले, "वन्स मोअर!" सगळा व्हरांडा हसला. त्या हसण्यात देवाजीभाऊंचा 'मं' आला. मग 'दा' आला. सुटे सुटे आले, पण आले. ते जोडले जाणार होते. आणखी दोन-चार खेपा. हे मी त्या क्षणी ओळखलं होतं — हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

त्या आठवड्यात मी जेवताना, बसमध्ये, आंघोळ करताना 'वन्स मोअर' ऐकत होते.

मी खोली बदलून मागू शकले असते. दवाखान्यामागे मोहाचं मोठं झाड होतं, त्याखाली बसता आलं असतं. दुपारी बाक रिकामे असायचे, तेव्हा बोलावता आलं असतं. हे सगळं मला सुचलं होतं. पण कशासाठी, हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं. आणि झाडाखालीसुद्धा गायचं मलाच होतं.

ते दोघं आले. मी दार लावलं. त्यांना बसायला सांगितलं, आणि शेवंताबाईंना म्हणाले की मेंदूचा तो भाग गेलेला आहे. गाणं येतं ते जुनं पाठांतर आहे, त्यातून बोलणं येणार नाही. मी खूप विचार केला, आता यापुढे फरक पडणार नाही. एवढ्या लांबून येण्यात अर्थ नाही.

तळहात कोरडे होते. एवढं लांब वाक्य मी आयुष्यात इतकं सरळ कधी बोलले नव्हते.

शेवंताबाई गप्प झाल्या. त्यांना गप्प मी पहिल्यांदाच बघितलं. देवाजीभाऊ माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजतं, हे मी विसरले नव्हते. त्यांनी डावा हात टेबलावर पुढे केला, दर वेळी करायचे तसा — धर म्हणून. मी धरला नाही.

इथवरही थांबले असते तर. पण शेवंताबाई म्हणाल्या, "मंग मले शिकवा न बाई. घरी मी गाईन. मले कोणाची लाज हाये? आमचं गावच्या गाव गाईन!"

खरंच गायलं असतं. त्या गावात हार्मोनियम होती, तालीम होती, मोकळ्या गळ्याची माणसं होती. माझ्याहून कितीतरी चांगली जागा होती ती. आणि महिन्याभराने देवाजीभाऊ बोलत बोलत दवाखान्यात आले असते — मग मी काय सांगणार होते?

मी म्हणाले, "नको. गाऊ देऊ नका त्यांना. डोक्याला ताण पडेल. झटका येऊ शकतो."

हे कुठल्याच पुस्तकात नाही. हे मी तिथल्या तिथे रचलं.

शेवंताबाईंनी दोन्ही हात जोडले. बरं झालं सांगतलं, म्हणाल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात दवाखान्याचं शिबिर त्यांच्या गावाजवळ होतं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून गेले. शेवंताबाईंनी जीप ओळखली आणि हाताला धरून मला घरी न्यायला लागल्या. वाटेत शाळेच्या व्हरांड्यात नाटकाची तालीम चालू होती. मागून देवाजीभाऊ चालत येत होते, ते मला दिसले नव्हते. हार्मोनियमवाल्याला दिसले. त्याने भाता दाबून धरला. गाणारा अर्ध्या ओळीत थांबला.

"जाय देवाजी, घरी जाय बापा," एक म्हातारा इतक्या मायेने म्हणाला, की मला खाली बघावं लागलं.

शेवंताबाईंना अभिमान वाटत होता. "गावात समद्यायले सांगून ठेवलं बाई, तुमी म्हटलं तसं. याईच्या कानावर गाना पडू देत नाई. आरतीलेबी घरी ठेवतो. पयले पयले आयकत नव्हते, गाले लागत, मले तोंडावर हात ठेवा लागे. आता सोडलं त्यायनं. पण एक झटका नाई आला. तुमच्यानं, बाई."

तुमच्यानं. — तेव्हा बोलायला हवं होतं ना? अजूनही उशीर झाला नसेल कदाचित. कदाचित झाला असेल. हे मला माहीत असायला हवं, माझं कामच ते आहे. मी म्हणाले, "हो, काळजी घ्या."

घरात सतरंजी घातली होती. मंदा मोठी झाली होती. तिने बापासमोर भाताची आणि लाखोरीच्या डाळीची थाळी ठेवली, त्याच्याकडे न बघता, आणि आत गेली. देवाजीभाऊ माझ्या समोर बसले. बारीक झाले होते. मी पाया पडल्यासारखं काहीतरी केलं. ते म्हणाले, हव.

शेवंताबाईंनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. तेव्हा देवाजीभाऊंचा डावा हात मला दिसला. गुडघ्यावर ताल देत होता. दोन ठोके, आणि मग एक लांब. दोन ठोके, एक लांब. ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर माझ्यावर.

त्या घरात तो ताल फक्त मला वाचता येत होता.

"काई नाई बाई, सवय लागली त्या हाताले, चालूच राह्यते," शेवंताबाई म्हणाल्या. "घ्या न बाई. हिरीचं पाणी हाये, गोड हाये."

मी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायले.