तुटक्या पायाचा आर

"हे लेबल तुमच्याच प्रेसचं आहे!" वामनशेठनी माझ्या टेबलावर एक पिवळं कार्ड आपटलं.

वामनशेठ कपाशीचं बियाणं विकायचे. ऐंशीच्या दशकात जळगावात माझी छोटी प्रेस होती आणि त्यांच्या पिशव्यांना शिवायची लेबलं मीच छापायचो. या लेबलाचं बियाणं पिंपळनेरकडच्या एकाने पेरलं. उगवलंच नाही.

"पिशवी माझी नाही," शेठ म्हणाले. "अक्षर मात्र तुमचं. उद्या कृषी खात्याचे साहेब येतील. काय ते त्यांना सांगा."

अक्षर खरंच माझं होतं. वाणाचं इंग्रजी नाव आम्ही एका खास टाईपात जुळवायचो. टाईप म्हणजे शिशाचे सुटे खिळे, एका खिळ्यावर एक अक्षर. हा टाईप अंगाने रुंद. अक्षरांच्या टोकांना आडवे पाय, आणि जाड-बारीक रेघांत फारसा फरक नाही. नाजूक टाईपाच्या बारीक रेघा खरबरीत कार्डावर उठतच नाहीत. हा मात्र ठसठशीत उठायचा, चार हातांवरून वाचता यायचा. जागा फार खायचा, म्हणून लग्नपत्रिकेला कधी घेतला नाही. जळगावात तो फक्त माझ्याकडे होता.

मी भिंग लावलं. आर या अक्षराचा उजवा पाय टोकाला तुटलेला. हा आर मी शंभरदा पाहिला होता. प्रेसला टाळं लागणार!

मी मुळातच संशयी. शाईचा सीलबंद डबाही मी उघडून बघितल्याशिवाय घ्यायचो नाही. त्या टाईपाला हात लावणारा माणूस एकच, आमचे कंपोझिटर आत्मारामनाना. अक्षरं जुळवायचं काम त्यांचं. त्यात महिन्यापूर्वीच त्यांच्याकडे नवी सायकल आली होती. झालं, माझी खात्रीच पटली.

संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हटलं, "नाना, पिशवी उघडा."

नाना रागावले की अहिराणीत बोलायचे. "देखी ल्या, भाऊ. बठ्ठी पिशवी देखी ल्या."

मी सगळी पिशवी पाहिली. डबा, चष्मा, टॉवेल. बस्स.

"मग खिळे कोणाला दिले?"

पिशवी उचलून ते निघून गेले.

सकाळी मात्र नाना वेळेवर हजर. साहेबांना दाखवायला म्हणून मी केस ओढली. केस म्हणजे टाईप ठेवायचा खणाखणांचा लाकडी ट्रे. त्यातले सगळे आर काढून ओळीने लावले. एकाचाही पाय तुटलेला नव्हता.

"तो याच टाईपाच्या दुसऱ्या केसमध्ये होता," नाना म्हणाले. "ती तुम्ही दिवाळीआधी धुळ्याच्या भंगारवाल्याला दिली. मी म्हटलं होतं, वितळवून द्या. तुम्ही म्हणालात, कोण भट्टी पेटवत बसतो!"

अगदी असंच म्हणालो होतो मी.

साहेब आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते तसेच धुळ्याला गेले. तिथल्या एका बोळातल्या प्रेसमध्ये ती केस खोट्या लेबलांसकट सापडली. माझ्यावरचं बालंट टळलं.

मी सगळ्यांसमोर नानांची माफी मागितली. मान वर करवत नव्हती.

"माफी राहू द्या," ते म्हणाले. "झडतीत काही सापडलं नाही, एवढं लेटरहेडवर द्या. ती सायकल जावयाने दिलेली आहे. त्याच्यापर्यंत बोभाटा गेलाय."

मजकूर त्यांनी स्वतःच जुळवला. प्रूफ काढलं, दोनदा वाचलं, छापलं. मी सही केली. कागद घेऊन ते गेले, आणि सोमवारी समोरच्या प्रेसमध्ये कामाला लागले.

त्यानंतर प्रेस बंद होईपर्यंत जुना टाईप मी डोळ्यांदेखत वितळवूनच दिला. नानांसारखा कंपोझिटर मात्र पुन्हा मिळाला नाही.