तळ्याकडे जाणारी वाट

ब्रेना लाह्टी पुढारी कशी झाली, हे कोडं खुद्द तिलाही कधी सुटलं नाही. विद्यापीठाच्या गावसेवा या विषयाला आठ पोरं. त्यांतल्या दोघींनाच मोठी गाडी चालवता यायची, आणि त्यांतल्या एकीला गाडी चालवताना उलट्या व्हायच्या. मग किल्ली ब्रेनाकडे आली आणि किल्लीमागून पुढारीपण आलं. नारिंगी जाकीट मिळालं, तेही मागच्या पुढाऱ्याच्या मापाचं. ते घातलं की ती चालत्या तंबूसारखी दिसायची. पोरं तिला 'कॅप्टन' म्हणायची आणि त्यात आदर किती, टवाळी किती, हे तिने कधी मोजलं नाही.

दक्षिणेकडच्या एका गोठ्यावर सत्तर गाई आणि तीन धाकटे भाऊ हाकत ती वाढलेली. हुकूम सोडणं हाडातच मुरलेलं. पण सुरुवातीच्या शिबिरात डीगनबाईंनी नेमकं तेच काढून घेतलं. प्राध्यापक डीगन म्हणजे हळू आवाजात दम देणारी बाई. त्या म्हणाल्या, "गावात आपण शहाणपण वाटायला जात नाही. ज्याचं घर, त्याचा शब्द. म्हातारी माणसं सांगतील ते काम करायचं, सांगतील तसं करायचं. 'कशाला' म्हणून विचारायचं नाही." ब्रेनाने हे वाक्य असं गिळलं की पुन्हा रवंथ करायला वर आलंच नाही.

दर गुरुवारी दुपारी ही फौज फावडी घेऊन उतारावरच्या वस्तीत जायची. म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ काढायचा, कॉफी प्यायची, दगडासारख्या बिस्किटांची तारीफ करायची आणि दात वाचवून परत यायचं. शेवटचं घर मार्लिस कोस्केलाचं. वय ऐंशीच्या पुढे, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. घराची पाठ तळ्याकडे.

या सेवेतली एक जुनी रीत होती. उन्हाळ्याआधी जुना पुढारी नव्याला पिझ्झा खायला न्यायचा आणि खाता खाता सगळी घरं तोंडी सोपवायचा. कुणाचा कुत्रा चावतो, कुणाला ऐकू येत नाही, कुणापुढे राजकारण काढायचं नाही. मार्लिसपाशी येऊन मागचा पुढारी म्हणाला होता, "गोड बाई. नवरा एइनो. तो कायम तळ्यावर मासे धरायला गेलेला असतो. मला कधी दिसला नाही. माणूसघाणा असणार." त्यालाही हे त्याच्या आधीच्याने असंच चीज ओढत ओढत सांगितलं होतं.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला. मार्लिसने पोरांना पुढच्या दारात थांबू दिलं नाही.

"पुढून कोण येतंय माझ्याकडे? मागे चला. मागच्या दारापासून तळ्याकडे वाट करा."

पोरांनी केली. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, "अजून पुढे." त्याच्या पुढच्या गुरुवारी, "अजून." झुडपांच्या रांगेपर्यंत, मग मोडक्या होडीपर्यंत, मग उतारावर. पोरं घामाघूम व्हायची आणि मार्लिस खिडकीत उभी राहून बघायची. ओट्यावर दोन कप असायचे. एक तिचा. दुसऱ्यातली कॉफी गार होत राहायची.

टोबिन नावाचा एक वात्रट पोरगा एकदा फावडं टेकून म्हणाला, "कॅप्टन, म्हातारी पोहायला निघाली की काय? तळ्यात काय ठेवलंय तिचं?"

"नवरा," ब्रेना म्हणाली.

"मग नवऱ्याला सांग ना वाट काढायला!"

"टोबिन, ज्याचं घर, त्याचा शब्द. खण."

टोबिनने खणलं. खालून तळं गुरगुरलं. नव्याने गोठणारं तळं बोलतं. लांबवर कुणी जड कपाट ओढत न्यावं, तसा आवाज येतो. उत्तरेकडची माणसं तो आवाज ऐकला की पाय मागे घेतात. नाताळ उलटेपर्यंत तिथे कुणी कुत्र्यालाही बर्फावर सोडत नाही. ब्रेना गाईंच्या मुलखातली. तिला वाटलं, वारा असेल.

नाताळच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या गुरुवारी वाट काठाला टेकली. मार्लिसचा चेहरा उजळला. "झकास! आता कॉफी सांडायची नाही," ती म्हणाली आणि प्रत्येकाच्या हातावर एक एक बिस्किट ठेवलं.

तिथून सगळे चर्चच्या तळघरात गेले. वस्तीच्या बाजूने हे काम सांभाळणारी वर्ना तिथे किटली घेऊन उभीच होती. विद्यापीठ महिनाभर बंद. तेवढ्या दिवसांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज फोन करायचा असं ठरलं होतं. वर्ना एकेक नाव घेत होती.

"मार्लिसला फोन नको," ब्रेना रुबाबात म्हणाली. "एइनो आहे ना घरी. म्हणजे, तळ्यावर."

वर्नाची किटली हवेतच थांबली. "कुठला एइनो?"

"तिचा नवरा."

"पोरी, एइनोच्या मातीला आलेल्या लोकांना मीच कॉफी दिली. याच तळघरात. सहा वर्षं झाली."

ब्रेनाच्या डोळ्यांपुढे ती वाट आली: साफ, सरळ, दोन्ही बाजूंनी थापून गुळगुळीत केलेली. इतकी सुबक, की ऐंशी वर्षांच्या बाईचाही पाय घसरू नये.

"वर्ना, कुणाला तरी बोलवा," ती म्हणाली, आणि किल्ली घेऊन पळाली. टोबिन मागोमाग.

मागचं दार सताड उघडं होतं. ओट्यावर एकही कप नव्हता. उजेड उतरत चालला होता, आणि वाट संपत होती तिथून थोडं पुढे, बर्फावर, मार्लिस उभी होती. घरातल्या सपाता, काखेत थर्मास. तळं एकसारखं कण्हत होतं.

टोबिन पुढे धावायला निघाला. ब्रेनाने त्याला कॉलर धरून मागे खेचलं. "दोघांचं वजन पेलणार नाही. हल्लास तर बघ." मग तिने हाक मारली, "मार्लिस! परत या!"

"ओरडू नकोस ग. मासे पळतात."

मार्लिसने आणखी एक पाऊल टाकलं. पायाखालून बारीक तडकल्याचा आवाज आला. एइनो नाही, असं सांगितलं तर ही बाई ते खोटं ठरवायला पुढेच जाईल, एवढंच ब्रेनाला कळत होतं. बिथरलेल्या गाईला मागून ढकलत नाहीत; पुढे चारा दाखवतात.

"साखर राहिली, मार्लिस! एइनोची साखर विसरलात!"

मार्लिस थांबली. सावकाश वळली. चेहऱ्यावर भयंकर अपमान.

"साखर? कोण म्हणालं तुला? त्या माणसाने जन्मात कधी साखर घेतली नाही!"

"आम्हाला तर तसंच सांगितलंय. दोन चमचे."

"दोन! कुणी सांगितलं? थांब, आलेच. तुम्हा शिकलेल्यांना कुणीही काहीही सांगावं!"

आणि ती आली. तावातावाने, सपाता फरफटत, पावलापावलाला तळ्याचं कण्हणं मागे टाकत. काठावर तिचा हात हाती येताच ब्रेनाने तो घट्ट धरला आणि तिला वाटेवर ओढून घेतलं.

नंतर वर्ना आली, अग्निशमनवाली दोन माणसंही आली. मार्लिसला शाल गुंडाळून शेगडीपाशी बसवलं. पुतणीला फोन झाला. ती दोन दिवसांनी पोचणार होती. ब्रेनाने वडिलांना फोन करून सांगितलं, की मी आत्ता घरी येत नाही. टोबिन मागे गेला आणि काढलेला सगळा बर्फ पुन्हा वाटेवर लोटू लागला.

खिडकीतून मार्लिस ते बघत होती.

"वेडा आहे का तो? उलटं काम करतोय." मग ती ब्रेनाकडे वळली. डोळे शांत, गोड, अगदी दर गुरुवारसारखे. "पुढच्या वेळी थोडी आणखी पुढे न्या हं वाट. त्याला फार चालावं लागतं."

"नाही, मार्लिस," ब्रेना म्हणाली. त्या घरात तिने 'नाही' म्हणायची ही पहिलीच वेळ. "वाट नाही करणार मी. पण का हवी होती, ते सांगा. मी ऐकते."

बाहेर अंधारात तळं पुन्हा एकदा गुरगुरलं, आणि म्हातारीने त्या आवाजाकडे मान वळवली. कुणी नाव घेऊन हाक मारावी, तशी.